सोल निघालेल्या बुटांची गोष्ट (आणि नवे घेताना काय बघायचं)

ट्रेकला जायच्या आदल्या रात्री आमच्या विंगमध्ये सॅक दहा वेळा भरली जाते आणि दहा वेळा रिकामी होते. मॅगीची किती पाकिटं, टॉर्चचे सेल कोणाकडे, मीठ कोण घेणार, सगळ्यावर चर्चा होते. बुटांवर कोणी चकार शब्द काढत नाही. जे आहेत ते घालायचे, झालं!

गेल्या डिसेंबरात राजगड-तोरणा ठरला तेव्हा माझी गोष्ट मात्र वेगळी होती. माझ्याकडे 'खरे' ट्रेकिंग शूज होते. मावशीने २०१३ मध्ये हिमालयातल्या एका ट्रेकसाठी घेतलेले, घोट्याच्या वर येणारे, भारीतले बूट. त्या एका ट्रेकनंतर मावशीचे गुडघे कुरकुरायला लागले आणि बूट खोक्यात घालून माळ्यावर गेले. दिवाळीत मी ते खाली काढले, तर काय चकाचक! वरचं लेदर मऊ, सोलच्या खाचासुद्धा झिजलेल्या नाहीत. माप माझंच. मावशी म्हणाली, "घेऊन जा गं, किती जपून ठेवलेत बघ."

आमच्यात फर्स्ट इयरची एक मुलगी होती, तिचा पहिलाच ट्रेक. ती शाळेतले पीटीचे कॅनव्हास बूट घालून आलेली. मी सीनियरच्या थाटात तिला बसमध्येच ऐकवलं, "अगं, असल्या बुटांवर होतो का राजगड-तोरणा? निदान कोणाचे तरी मागून तरी घ्यायचेस." ती बिचारी गप्प बसली.

पहिला दिवस मस्त गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी संजीवनी माचीवरच्या अळू दरवाजातून उतरून आम्ही तोरण्याच्या सोंडेला लागलो. डिसेंबरातलं वाळलेलं गवत आणि त्याखाली सुटा मुरूम. याला 'घसारा' म्हणतात, हा शब्द कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या मला ट्रेकमुळेच कळला आणि आता जन्मात विसरणार नाही. पहिल्या मोठ्या उतारावर डावी टाच टेकवली तर पाऊल पुढे गेलं आणि काहीतरी मागे राहिलं. बघते तर टाचेकडचा सोल सुटून लोंबतोय. कोणीतरी दोरी काढली, कोणीतरी सेलोटेप (ट्रेकला सेलोटेप का आणली होती ते विचारू नका). बांधून शंभर पावलं चालले असेन, तोवर उजव्याचाही गेला. आणि नुसता सुटला नाही. सोलच्या वरचा करड्या रंगाचा थर हातात घेतला तर चहात बुडवलेल्या खारीसारखा त्याचा भुगा झाला.

त्या सोंडेला मधे एक डांबरी रस्ता आडवा येतो. तिथपर्यंत मी एका मित्राचे फ्लोटर्स घालून, दोन मापं मोठे, बसत-उठत आले. पुढे बुधला माचीखालचा चढ होता. लीडरने सांगितलं, या पायांनी मी तुला वर नेणार नाही, रस्त्याने खाली जा. एकटीला सोडता येत नाही, म्हणून बरोबर कोणीतरी हवं. "मी जाते ताईबरोबर," असं म्हणाली ती कोण? ती कॅनव्हासवाली. तिच्या बुटांना काहीही झालेलं नव्हतं. तिचा पहिला ट्रेक आणि तिचा तोरणा माझ्या बुटांमुळे राहिला. जीप मिळेपर्यंत आम्ही दोघी रस्त्याच्या कडेला बसलो होतो आणि बसमध्ये मी काय बोलले होते ते ती एकदाही बोलली नाही. त्यामुळे जास्तच लागलं.

परत आल्यावर मी तो भुगा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आमच्या मटेरियल्सच्या सरांकडे गेले. (सर, तुमच्या टेबलावर सांडलं त्याबद्दल पुन्हा एकदा सॉरी.) सरांनी नखाने दाबून बघितलं आणि एका शब्दात निदान केलं: हायड्रोलिसिस.

भानगड अशी आहे. बुटाचा तळ एकसंध दिसला तरी तो थरांचा असतो. जमिनीला लागतो तो बाहेरचा रबरी सोल. त्याच्या वर, धक्का शोषणारा, मिडसोल. चांगल्या वजनदार बुटांत हा मिडसोल बऱ्याचदा पॉलियुरेथेनचा, म्हणजे पीयूचा असतो. पीयू दणकट असतं, सॅकच्या ओझ्याखाली पटकन चेपत नाही, म्हणून वापरतात. पण त्याच्या साखळीत जे एस्टर बंध असतात ते हवेतल्या नुसत्या दमटपणाने हळूहळू तुटत जातात. वरून काही दिसत नाही. पाच ते दहा वर्षांत कधीतरी आतून त्याचा पार बिस्किटाचा चुरा होतो. आणि गंमत म्हणजे बूट वापरात असतील तर मिडसोल दबतो-सुटतो आणि ओल आत मुरून बसत नाही, त्यामुळे ते जास्त टिकतात, असं बूट बनवणारेच सांगतात. खोक्यात, माळ्यावर, कोकणातल्या नाहीतर मुंबईच्या दमट हवेत 'जपून' ठेवलेले बूट सगळ्यात आधी जातात. मावशीला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे मी जपले म्हणून गेले?" हो ना!

दुसरा प्रकार ईव्हीएचा मिडसोल. हलक्या बुटांत तोच असतो. ईव्हीए असा ओलीने सडत नाही, पण चेपत जातो आणि चेपला की परत फुलत नाही. म्हणून कोणाचेही जुने बूट मागून नेणार असाल तर आधी मिडसोल अंगठ्याने जोरात दाबा. बारीक भेगा दिसल्या, अंगठ्याला चिकट लागलं किंवा पूड सुटली, तर परत करा. आणि घालून दोन-तीन दिवस कॉलेजात फिरा. सोल निघायचाच असेल तर कँटीनसमोर निघू दे. लाज वाटेल, पण जीपने घरी यावं लागणार नाही. जाता जाता वर्कशॉपवाल्यांना: आपल्या सेफ्टी शूजचा सोलही बहुतेक वेळा पीयूचाच असतो. सीनियरकडून वारसाहक्काने आलेले असतील तर एकदा बघून घ्या. आणि हो, सेफ्टी शूज घालून ट्रेकला येऊ नका. पुढची ती लोखंडी वाटी उतरताना अंगठ्याचं काय करते ते आमच्या बॅचच्या एका हिरोला विचारा.

तर नवे घ्यायचे ठरले. पहिला प्रश्न मापाचा. "मला पाच नंबर लागतो" असं आपण रक्तगट सांगितल्यासारखं सांगतो. पण हा पाच नंबर म्हणजे काय? यूकेच्या पद्धतीत एका नंबराने लांबी वाढते एक-तृतीयांश इंच, म्हणजे साधारण ८.५ मि.मी. मूळ माप होतं जवाचा एक दाणा! युरोपच्या पद्धतीत एक नंबर म्हणजे दोन-तृतीयांश सें.मी., म्हणजे ६.७ मि.मी. दोन पट्ट्यांवरच्या रेघा एकमेकींवर बसतच नाहीत, म्हणून बुटाच्या जिभेवर छापलेलं 'यूके ५ = ईयू ३८' हे प्रत्येक कंपनीचं आपापलं राऊंडिंग ऑफ असतं. शिवाय नंबर फक्त लांबी सांगतो. रुंदीचं काय? चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभरात ७९ ठिकाणी लाखावर लोकांच्या पायांची मापं घेतली. आपली पावलं सर्वसाधारणपणे रुंद आहेत, असं त्यात दिसलं. युरोपच्या साच्यावर बेतलेला बूट चवड्यापाशी आवळतो तो आपला पाय बेढब म्हणून नव्हे! मग रुंदीसाठी आपण नंबर वाढवून घेतो आणि लांबीला सैल होतो. सैल बुटात पाऊल पुढे घसरतं. म्हणून 'वाइड' असं लिहिलेला जोड मिळत असेल तर आधी तो घालून बघा.

आम्ही हॉस्टेलवर एक प्रयोग केला. ग्राफ पेपर जमिनीवर चिकटवला, त्यावर उभं राहायचं (बसून नाही, वजन पडलं की पाऊल पसरतं) आणि दुसरीने पेन्सिल सरळ उभी धरून आउटलाइन काढायची. सकाळी एकदा, रात्री जेवणानंतर एकदा. माझा डावा पाय उजव्यापेक्षा ४ मि.मी. लांब निघाला, म्हणजे जवळजवळ अर्धा नंबर! आणि संध्याकाळी दोन्ही पाय सकाळपेक्षा मोठे. दिवसभर उभं राहून, चालून पाय सुजतात. ट्रेकला तर सुजतातच. म्हणून बूट घ्यायला संध्याकाळी जायचं, ट्रेकला घालणार तेच मोजे घालून जायचं आणि मोठ्या पायाच्या मापाने घ्यायचं. रविवारी सकाळी अंघोळ करून ताजंतवानं होऊन बूट घ्यायला जाणं म्हणजे परीक्षेच्या आधी निकाल लावणं.

दुकानात गेल्यावर बघायची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे उतार. माझं ठाम मत आहे की ट्रेकचा बूट चढासाठी घ्यायचाच नसतो, उतरण्यासाठी घ्यायचा असतो. चढताना दम लागतो तो छातीला. उतरताना मात्र प्रत्येक पावलागणिक अख्खं शरीर अधिक सॅक पायाला बुटाच्या आत पुढे ढकलत असते. पुढे जागा नसेल तर अंगठ्याचं नख हजारो वेळा भिंतीवर आपटतं. नखाखाली रक्त साकळतं, नख काळं पडतं आणि महिन्या-दोन महिन्यांनी गळून पडतं. माझी दोन पडलेली आहेत, तेव्हा अनुभवाचे बोल. परीक्षा सोपी आहे. लेस सोडून पाऊल पूर्ण पुढे सरकवा. टाचेमागे एक बोट आरामात गेलं पाहिजे. मग टाच मागे ठोकून लेस बांधा आणि दुकानाच्या जिन्यावरून पाच-सहा वेळा उतरा, मुद्दाम पाय आपटत. बोटं पुढे लागता कामा नयेत आणि चढताना टाच उचलली जाता कामा नये. सेल्समन विचित्र नजरेने बघेल, बघू दे. "वापरून सैल होतील" हे वाक्य लांबीच्या बाबतीत साफ खोटं आहे. लेदर रुंदीत थोडंफार ताणतं, लांबीत कधीच नाही.

टाच उचलली जात असेल तर बूट लगेच नापास करू नका. पावलाच्या उंचवट्यावर, जिथून पाय वर वळतो तिथे, लेसला साध्या एका आढ्याऐवजी दोन आढे द्या आणि मग वरचं बांधा. खालचा ताण खाली, वरचा वर राहतो आणि टाच जागेवर बसते. चढताना वरचा भाग जरा सैल, उतरायच्या आधी थांबून घट्ट. दोन मिनिटं जातात. ग्रुप ओरडतो. जाऊ दे.

आता 'सपोर्ट'. घोट्याच्या वर गेलेला बूट म्हणजे घोटा मुरगळणार नाही, असा माझाही समज होता. १९९३ मध्ये अमेरिकेत ६२२ कॉलेज बास्केटबॉल खेळाडूंवर झालेल्या एका प्रयोगात उंच आणि बुटके बूट घालणाऱ्यांत मुरगळण्याच्या प्रमाणात फरक सापडला नव्हता. बास्केटबॉलचं कोर्ट म्हणजे सह्याद्री नव्हे, मान्य. उंच बुटामुळे काटे, खडे आत जात नाहीत आणि घोट्याला दगड लागत नाही, हा फायदा आहेच. पण पायाला खरा आधार मिळतो तो खालून, सोल किती पिळतो आणि कुठे वाकतो यावरून. टाच एका हातात, पुढचं टोक दुसऱ्या हातात धरून ओला टॉवेल पिळतो तसा बूट पिळून बघा. सहज पिळला तर दगडावर तिरका पाय पडला की पावलालाही तो तसाच पिळू देणार. मग टोक दाबून वाकवा. चवड्यापाशी, जिथे बोटं वाकतात तिथे वाकायला हवा. मधोमध वाकला तर ठेवून द्या. टाचेमागची वाटी अंगठ्याने दाबल्यावर चेपली जाऊ नये. एका दिवसाच्या ट्रेकला पाठीवर तीन-चार किलो असतात, तिथे थोडं मऊ चालतं. दोन-तीन दिवसांचा संसार पाठीवर घेऊन जाणार असाल तर सोल कडक हवा, नाहीतर संध्याकाळी तळवे बोलायला लागतात.

कडक म्हणजे जड नव्हे मात्र. वजन डोक्यावर, हातात आणि पायांवर घेतल्यावर शक्ती किती लागते याची मोजणी सोल आणि गोल्डमन या संशोधकांनी (हो, एकाचं आडनाव खरंच सोल होतं!) १९६९ मध्ये केली. पायाला बांधलेलं वजन वागवायला, चालीच्या वेगानुसार, सुमारे चार ते सहा पट शक्ती लागली. म्हणजे हिशोब करा. मावशीचा जोड दीड किलोचा, हलका जोड आठशे ग्रॅमचा. फरक सातशे ग्रॅम. पाचने गुणा. पाठीवर साडेतीन लिटर पाणी जास्त घेतल्यासारखं झालं. आपण सॅकमधून टूथपेस्ट कमी करत बसतो!

ग्रिपबद्दल. खोल खाचांच्या ज्या रबरी सोलला आपण 'ट्रेकिंग सोल' म्हणतो त्याची कहाणी दुःखद आहे. पूर्वी आल्प्समध्ये खिळे ठोकलेले जड बूट खाली ठेवायचे आणि कातळावर पातळ तळाचे हलके जोडे घालून चढायचे. १९३५ मध्ये इटलीच्या विताले ब्रामानीचे सहा साथीदार पुंता रासिकावर वादळात अडकून गेले. त्या जोड्यांनी थंडी आणि बर्फात काही साथ दिली नाही. त्यानंतर ब्रामानीने खिळे आणि पातळ तळ दोन्हींना पर्याय म्हणून रबरी सोल तयार केला, पिरेली या टायरवाल्यांच्या मदतीने. नाव ठेवलं 'कारारमातो', म्हणजे रणगाडा. विताले ब्रामानी, म्हणून कंपनी 'विब्राम'. १९५४ मध्ये के-टू सर झालं ते याच सोलवर.

पण आपल्याकडे एक मेख आहे. खोल खाचा माती-चिखलात रुततात आणि धरतात. ओल्या कातळावर रुतायला काही नसतंच. तिथे कामाला येतो रबराचा मऊपणा आणि दगडाला किती रबर टेकतंय ते. म्हणून नुसत्या खाचा बघून भुलू नका. सोलवर नख दाबून बघा. नख जराही रुतलं नाही, प्लॅस्टिकसारखं टणक लागलं, तर तो बूट पावसाळ्यात तुम्हाला आडवं करणार. जुनी ट्रेकर मंडळी 'ॲक्शन'च्या साध्या ट्रेकिंग शूजचं गुणगान गातात ते त्याच्या रबरासाठी. मऊ रबर लवकर झिजतं, ती त्याची किंमत. आणि हिरव्या शेवाळावर जगातला कुठलाच सोल धरत नाही. तिथे बसून उतरायचं, पँट गेली तरी चालेल.

वॉटरप्रूफ घ्यावेत का? दुकानदार हमखास आग्रह करतो. त्या बुटांत एक पातळ पडदा असतो. बॉब गोर यांनी १९६९ मध्ये टेफ्लॉन (नॉनस्टिक तव्यावरचंच) झटक्यात ताणून तो शोधला. त्याची छिद्रं इतकी बारीक की पाण्याचा थेंब आत येत नाही, पण घामाची वाफ बाहेर जाते. वाफ बाहेर का जाते? आत बाष्पदाब जास्त, बाहेर कमी, म्हणून. आता जुलैमध्ये सह्याद्रीत या. बाहेरची हवाच बाष्पाने काठोकाठ भरलेली. वाफेने जायचं कुठे? शिवाय पहिला गुडघाभर ओढा लागला की पाणी वरून आत येतं आणि मग तोच पडदा ते बाहेर जाऊ देत नाही. दोन्ही पायांत एकेक मत्स्यालय घेऊन फिरा! हिमालयातल्या बर्फात तो पडदा सोन्यासारखा. आपल्या पावसाळ्यात मला तरी जाळीचा, पाणी निथळून जाणारा बूट बरा वाटतो.

भिजलेल्या पायाचा खरा शत्रू फोड. फोड फक्त घासण्याने येतो असं वाटतं, पण मोजा कातडीला धरून ठेवतो आणि आतलं हाड पुढे-मागे सरकत राहतं, त्यात मधली कातडी पुन्हा पुन्हा ताणली जाऊन आतून फाटते, ती फट पाण्याने भरते. (शिअर स्ट्रेस! मला तरी तेव्हाच खरा कळला.) दमट कातडी मोज्याला जास्त चिकटते, म्हणून सुती मोजे नकोत, ते ओले झाले की ओलेच राहतात. सिंथेटिक किंवा लोकरीचे घ्या, एक जोड कोरडा ठेवा. टाच हुळहुळायला लागली की त्याच क्षणी थांबून पेपर टेप लावा, पुढच्या टेकडीपर्यंत नाही.

मी शेवटी घेतले ते अडीच हजारांच्या आतले, जाळीचे, घोट्याच्या खालचे, अर्धा नंबर मोठे. दोन आठवडे लेक्चरला घातले, मग सिंहगड, मग बाकीचं. आल्यावर चिखल धुऊन आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून सावलीत वाळवते. ऊन किंवा हीटर लावला तर सोलचा गोंद सुटतो. आणि खोक्यात ठेवत नाही.

मावशीचे बूट मी गेटजवळ बसणाऱ्या मोचीकाकांकडे नेले होते. त्यांनी उलटसुलट करून बघितले. "वरचं अजून दहा वर्षं जाईल, पोरी. पण मधलंच नाही, तर चिकटवू कशाला?" मग त्यांनी त्याच्या लेस काढून माझ्या हातात दिल्या. लांब होत्या, दोन आढे देऊनही उरतात. एक जोड मी वापरते. फर्स्ट इयरवालीचे कॅनव्हास मार्चमध्ये फाटले, तेव्हा ग्राफ पेपरवर तिचं माप मीच काढलं. जानेवारीत आम्ही दोघी तोरण्याला जाणार आहोत.